मदत हवी आहे : वाहनांमधील इशारा यंत्रणेचा सुरक्षा-लाभ कसा मोजावा?

नमस्कार. वाहतूक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी ‘कनेक्टेड व्हेइकल’ इशारा यंत्रणेचा अभ्यास करीत असून एका ठिकाणी अडलो आहे. या यंत्रणेत प्रत्येक वाहन आपले स्थान, वेग आणि दिशा सेकंदाला साधारण 10 वेळा रेडिओ संदेशाने भोवताली कळवते. त्यामुळे इमारतीआडून चौकात येणारी मोटार दिसण्याआधीच चालकाला सावध करता येते.

अमेरिकेत मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे 2012 साली सुमारे 2,800 वाहनांवर मोठी चाचणी सुरू झाली. पुढे 2014 साली अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने अंदाज मांडला की, चौकातील धोक्याचा आणि डावीकडे वळतानाचा (तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणजे आपल्याकडचे उजवे वळण) असे दोनच इशारे सर्व वाहनांत आले, तर वर्षाला 25,000 ते 5,92,000 अपघात टळू शकतील आणि 49 ते 1,083 जीव वाचू शकतील. दोन टोकांत वीसपटींहून अधिक अंतर असलेला हा अंदाज प्रबंधात कसा वापरावा, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरी अडचण अधिक बिकट वाटते. चाचणीच्या काळात प्रत्यक्ष अपघात इतके थोडे होतात की त्यांच्या संख्येवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून जोरात ब्रेक लागण्याचे प्रसंग किंवा धडकेपर्यंत उरलेला वेळ, असे पर्यायी निकष घ्यावे लागतात. परंतु इशारा ऐकूनच चालकाने जोरात ब्रेक दाबला असेल, तर तो प्रसंग यंत्रणेच्या यशात धरावा की धोक्यात? इशारा खोटा असल्यास मागून येणाऱ्या वाहनाला त्याच ब्रेकमुळे नवा धोका उद्भवतो. न्यूयॉर्क शहरात झालेल्या अशाच यंत्रणेच्या चाचणी-प्रकल्पात आधी काही काळ इशारे चालकाला न देता केवळ नोंदवले गेले आणि नंतर ते सुरू केले गेले. मला ही तुलना सर्वांत प्रामाणिक वाटते, पण दोन्ही काळांतील रहदारी सारखी नसल्यास तो फरक आकडेवारीतून कसा वेगळा काढावा?

शिवाय, इशाऱ्यासाठी दोन्ही वाहनांत यंत्रणा लागते. 30 टक्के वाहनांत ती असली, तरी योगायोगाने समोरासमोर येणाऱ्या जोड्यांपैकी केवळ 9 टक्के जोड्या सुसज्ज असतील. अमेरिकेत नव्या मोटारींत ती सक्तीची करण्याचा 2017 सालचा प्रस्ताव 2023 साली मागे घेतला गेल्यामुळे सर्व वाहने सुसज्ज असल्याचे गृहीत धरणे मला पटत नाही. अशा क्षेत्र-चाचण्यांच्या विश्लेषणाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे, की आपण लाभाचा आकडा किती टक्के वाहनांत यंत्रणा आहे असे धरून आणि कोणत्या निकषावर मांडला होता.