सोसायटी ग्रुप: ४०२ च्या कामाला ठेकेदार कोण?

४०२: नमस्कार मंडळी 🙏 घराचं काम आता आणखी लांबवता येणार नाही. दोन्ही बाथरूम, किचन, सगळं वायरिंग आणि फरशी. तीन कोटेशन आलीत आणि वाचून डोकं भणभणायला लागलंय. एकाचं सगळ्यात कमी, दुसऱ्याचं त्याच्या जवळजवळ दीडपट. तिसरा आकडा फोनवर सांगतो, कागदावर द्यायला तयार नाही. ज्यांनी पूर्ण घराचं काम करून घेतलंय त्यांनी सांगा, कोणाला द्यावं. "माणूस चांगला आहे" एवढंच नको, काम कसं केलं ते सांगा.

१०४: काम पुढे, पैसे मागे. बाकी सगळं नंतर.

६०१: माझ्या मेव्हण्याचा माणूस आहे. डोळे झाकून द्या. नंबर टाकतो.

३०२: ताई, काम जरूर करा. पण बाथरूमचा विषय निघाला म्हणून बोलते. तुमच्या आधीच्या मालकांच्या वेळेपासून आमच्या बेडरूमचं छत ओलं आहे. रंग दिला की पुन्हा पोपडे. आता तोडफोड झाल्यावर वाढलं तर कोणाकडे जायचं?

४०२: काकू, ते बंद व्हावं म्हणूनच तर बाथरूमपासून सुरुवात करतेय.

३०२: तुमच्यावर विश्वास आहे हो. पण मागच्या वेळीही असंच म्हणाले होते.

२०५: लिफ्टमध्ये वाळू सांडणार असेल तर आधीच सांगा. मागच्या वेळी दरवाजा बंदच होत नव्हता.

५०१: हे आम्हाला उद्देशून असेल तर आमच्या माणसांनी रोज संध्याकाळी झाडून घेतलं होतं.

२०५: नाव कोणाचंच घेतलं नाही, दादा.

७०३: ४०२ ताई, ठेकेदार नंतर ठरवा. तिन्ही कोटेशन एकाच कामाची आहेत का, ते आधी बघा. कमी आकडा आहे त्यात जुनी फरशी तोडून राडारोडा बाहेर टाकणं धरलंय का? वॉटरप्रूफिंग धरलंय का? टाइल्स कोण आणणार, वेस्टेज किती टक्के? हे सुटलं की काम अर्ध्यावर असताना प्रत्येक गोष्ट "एक्स्ट्रा" म्हणून निघते आणि तेव्हा आपले हात बांधलेले असतात.

४०२: काका, कमीवाल्याने "वायरिंग कम्प्लीट" एवढंच लिहिलंय. वॉटरप्रूफिंगचा उल्लेखच नाही.

७०३: मग ते कोटेशनच नाही. यादी तुम्ही करा. खोलीवार, चौरस फूट घालून, आणि तिघांना तीच द्या. वायरिंगला पॉइंट मोजा आणि वायरचा साइज लिहून घ्या: लाइटला १.५ चौरस मिमी, सॉकेटला २.५, गिझर आणि एसीला ४. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. किचन ट्रॉलीचं प्लाय बीडब्ल्यूपी ग्रेडचं (पाण्यात टिकणारं) की एमआर, हेही त्यातच. एमआर नुसता दमटपणा सोसतो, सिंकखाली रोज पाणी लागलं की फुगतो. अशी यादी हातात आली की दीडपटवाला कदाचित महाग वाटणारही नाही.

६०१: एवढी कायदेबाजी केली तर कोणीच यायचं नाही. आजकाल माणसं मिळतात कुठे?

७०३: यादी बघून जो पळतो, तो कामाच्या मध्ये पळण्यापेक्षा आत्ताच पळालेला बरा.

१०४: म्हणून सांगतो. काम पुढे, पैसे मागे.

४०२: कमीवाला निम्मे पैसे सुरुवातीलाच मागतोय. मटेरियल एकदम उचलायचं म्हणतो.

१०४: बघा!! मी पहिल्या मेसेजपासून तेच सांगतोय.

७०३: निम्मे मुळीच नाही. सुरुवातीला दहा टक्क्यांच्या आसपास उचल पुरते. मटेरियलचं म्हणत असेल तर तुम्ही थेट दुकानदाराला द्या आणि बिल तुमच्या नावावर घ्या. पुढचे हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा. प्लंबिंग टेस्ट झाली की एक, टाइल्स लागल्या की एक. आणि ५ ते १० टक्के काम संपल्यावर वर्षभर हातात ठेवायचे, हे करारात आधीच लिहायचं. शेवटचा नळ गळायला लागला की माणूस फोन उचलतो तो त्या रकमेसाठी.

३०२: माझ्या छताचं कोणी बोलतच नाहीये.

७०३: काकू, त्यावरच येतोय. जुनी फरशी आणि तिच्याखालचा कोबा काढून वॉटरप्रूफिंग झालं, की नहाणी ट्रॅप (पाणी जायचं भोक) बंद करून बाथरूममध्ये पाणी भरायचं आणि ४८ तास हात लावायचा नाही. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने खूण करायची. तुम्ही खाली छत बघायचं, ताईंनी वर खूण बघायची. दोन्हीकडे ठीक असेल तरच टाइल. ही टेस्ट कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून हवी. "गरज नाही, माझी गॅरंटी आहे" असं जो म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्या.

४०१: हीच टेस्ट वर ५०१ मध्ये झाली असती तर आमच्या पॅसेजमध्ये बादली ठेवावी लागली नसती.

५०१: दर वेळी ५०१! आमच्या ठेकेदाराने केमिकलचे दोन हात मारले होते, माझ्याकडे फोटो आहेत. गळती कॉमन पाइपची आहे, हे किती वेळा सांगायचं?

४०१: पाइपचं निघालं असतं तर तुमच्या बाथरूमचा वापर बंद असताना बादली कोरडी कशी राहिली?

५०१: (हा मेसेज डिलीट केला गेला)

सेक्रेटरी: ४०१ आणि ५०१, आपण दोघं माझ्याकडे बसून बोलू. इथे नको, प्लीज 🙏 ४०२ ताई, सोसायटीकडून एवढंच: बीम, कॉलम आणि स्लॅबला छिन्नी लावायची नाही. किचनची भिंत काढायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र. आणि जुन्या फरशीवर नवीन फरशी नको.

६०१: फरशीवर फरशी सगळेच करतात. तोडफोडीचा आवाज वाचतो, उलट सगळ्यांनाच बरं.

७०३: ४०-५० मिमी मसाला आणि वर टाइल धरली तर दर चौरस मीटरला साधारण १०० किलो वजन वाढतं. सगळ्या फ्लॅटनी केलं तर इमारतीने ते कुठे न्यायचं? सेक्रेटरी बरोबर बोलतायत.

२०५: ६०१ काका, तुमच्या मेव्हण्याच्या माणसाने ७०३ काकांसमोर बसून तोंडी परीक्षा दिली तर मी पेढे वाटेन.

६०१: चेष्टा करा. माणूस प्रामाणिक आहे एवढं मी खात्रीने सांगतो.

४०२: काका, चेष्टा नाही. मला त्यांचं काम खरंच बघायचंय. सध्या त्यांचं कुठे चालू आहे?

६०१: सध्या चालू काही नाही. जुने फोटो आहेत, पाठवतो.

७०३: फोटोत सगळ्याच टाइल्स चमकतात. ताई, ज्याला काम द्यायचं त्याचं दोन पावसाळे झालेलं एक बाथरूम बघा आणि आज चालू असलेली एक साइट बघा. जुन्या घरमालकाशी ठेकेदार जवळ नसताना बोला. "काम कसं झालं" असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा, काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा तो किती दिवसांनी आला.

४०२: आणि चालू साइटवर मला काय कळणार? मला टाइल सरळ आहे की तिरकी एवढंच दिसतं.

७०३: त्याहून बरंच दिसतं. सिमेंटची पोती फळीवर आहेत की थेट जमिनीवर भिंतीला टेकून? लावलेल्या टाइलवर नाण्याने ठोकत जा. भरीव आवाज आला तर मागे मसाला पूर्ण आहे. कोपऱ्यात भरीव आणि मध्ये पोकळ, म्हणजे चार गोळे लावून चिकटवली आहे, वर्षभरात वाजायला लागेल. तयार बाथरूममध्ये मगभर पाणी लांबच्या कोपऱ्यात ओता आणि उभ्या राहा. ते आपण होऊन ट्रॅपकडे गेलं पाहिजे, दाराकडे नाही. मिस्त्रीला विचारा, या ठेकेदाराकडे किती वर्षं आहेस. पगार वेळेवर मिळत असेल तर मिस्त्री टिकतो, आणि मिस्त्री टिकला की काम टिकतं. मी आयुष्यभर साइटवर हेच बघितलं.

३०२: हे सगळं आमच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर.

१०४: पैशांचं मात्र विसरू नका ताई. काम पुढे

२०५: पैसे मागे 🙏

१०४: बरोबर. निदान कोणी तरी वाचतंय.

४०२: १०४ काका, करारातली पहिली ओळ तुमचीच असेल. फोनवाल्याला आजच नाही म्हणून कळवते. कमीवाल्याला आणि दीडपटवाल्याला उद्या यादी पाठवते. काकू, पाणी भरायच्या आधी तुम्हाला लेखी कळवेन आणि ते ४८ तास तुमच्या छताचे फोटो ग्रुपवर टाकू. वाढलं तर दुरुस्ती माझ्या खर्चाने, हेही लिहून देते.

३०२: एवढं केलंत तर माझं काही म्हणणं नाही. फक्त दुपारी २ ते ४ ड्रिल नको.

५०१: आमच्या वेळी हा नियम कोणी सांगितला नव्हता, तरी तक्रार झाली होती.

सेक्रेटरी: नियम नोटीस बोर्डवर आहे. सगळ्यांना सारखा.

७०३: ताई, एक राहिलं. पाइपसाठी भिंतीत खोदलेल्या झिऱ्या बुजवायच्या आधी पाइपची प्रेशर टेस्ट आणि मग प्रत्येक भिंतीचा फोटो, मीटर टेप लावून. कोपऱ्यापासून किती इंचावर पाइप आहे ते त्यात दिसलं पाहिजे. पुढे आरसा लावताना ड्रिल पाइपमध्ये जाणार नाही.

४०२: लिहून घेतलं. दीडपटवाल्याने फोन केल्यावर लगेच चालू साइटचा पत्ता दिला, "कधीही या, मी नसलो तरी मिस्त्री असेल" म्हणाला. रविवारी सकाळी १० ला जाते. कमीवाला "विचारून सांगतो" म्हणाला. काका, तुम्ही याल का माझ्याबरोबर?

७०३: येतो. त्याला वेळ कळवू नका.

३०२: मी पण येते. मला बाथरूमच बघायचंय.

२०५: टेप आणि टॉर्च माझ्याकडे आहे. शनिवारी रात्री वर आणून देतो.