खाणीचा ढिगारा कार्बन गिळतो म्हणे?

उमरेडचा शेतकरी: आमच्या धुऱ्यापाशी कोळसा खाणीच्या मातीचा डोंगर उभा आहे. पाऊस आला की सगळं वाहून तुरीत. टाकाऊ दगडात कार्बन डायऑक्साइड साठवता येतो, असं वाचलं. हा डोंगर कामाचा आहे का भाऊ?

जुना खाणवाला: नाही ना बाप्पा. तुमच्याकडचा ढीग म्हणजे वालुकाश्म अन् चिकणमाती. दगडात मॅग्नेशियम नाहीतर कॅल्शियम पाहिजे. ऑस्ट्रेलियात माउंट कीथची निकेल खाण चालू होती तेव्हा तिथला सर्पेंटाइनचा, म्हणजे मॅग्नेशियमवाल्या खनिजाचा चुरा वर्षाला सुमारे 40,000 टन वायू आपसूक धरत होता. त्याचं पांढरं खनिज होतं. चुन्याच्या निवळीत फुंकलं की दुधाळ होते ना, तसंच काहीसं.

शेतकरी: अन् मनसरच्या मँगनीज खाणीचा ढीग?

खाणवाला: तिथे गार्नेट अन् क्वार्ट्झ ही खनिजं, या कामाची नाहीत. आपला काळा बेसाल्ट चालेल. पण तो बारीक दळावा लागतो, अन् दळायला वीज कोराडीच्या वीज केंद्राची, म्हणजे कोळशाचीच!

शेतकरी: म्हणजे तूर गेलीच.