मदत हवी आहे: मिनी ट्रॅक्टरच्या घरगुती केबिनमध्ये फवारा शिरतो

द्राक्षबागेत ब्लोअरने (पंख्याच्या झोताने औषध उडवणारं यंत्र) फवारणीसाठी २४ एचपीच्या ट्रॅक्टरवर केबिन केली आहे. फ्रेम २५ मिमी चौकोनी पाईपची, १६ गेज. समोर ५ मिमी टफन काच, बाजूंना ४ मिमी पॉलिकार्बोनेट. खांब मडगार्डवर नाहीत (पत्रा बोल्टपाशी फाटतो), मागे अ‍ॅक्सल हाऊसिंगवर ८ मिमी प्लेट आणि रबर बुश. रोलबारला (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट) वेल्डिंग किंवा छिद्र केलेलं नाही.

अडचण हवेची. आत दाब राहावा म्हणून कारच्या हीटरचा १२ व्होल्ट ब्लोअर कागदी एअर फिल्टरमागे बसवलाय. धूळ थांबते, औषधाचा वास थांबत नाही. कागद वाफ अडवणार नाहीच म्हणा. शिवाय अगरबत्ती धरून पाहिलं: गिअरच्या रबरी बुटापाशी धूर बाहेर जातो, पण क्लच-ब्रेकच्या खाचांतून आत ओढला जातो. रेडिएटरचा पंखा गरम हवा तिथेच ढकलतो. खाचांना टायर-ट्यूबचे फ्लॅप लावले, पेडल परत येताना अडकतं, त्यामुळे काढले.

मांडवामुळे टपावर काहीही बसवता येत नाही, सगळी उंची सहा फुटांच्या आत हवी. एसी नको, अल्टरनेटर लहान आहे. मास्क वापरतोच, तो वापरणं सोडणारही नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा (वाफ शोषणारा खास कोळसा) थर किती जाड ठेवला, आणि तेवढ्यातून कारचा ब्लोअर पुरेशी हवा ढकलतो का? आणि पेडलच्या खाचा कशाने बंद केल्या?