चॅनेल ऐकूनही पॅकेट का आदळतात?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या प्रयोगात बारा रेडिओ केंद्रे एकाच चॅनेलवरून, सेकंदाला १२०० बिट या वेगाने, मधल्या केंद्राकडे पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, पाठवतात. प्रत्येक केंद्र आधी चॅनेल मोकळे आहे का ते ऐकते, तरीही मधल्या केंद्रापाशी पॅकेट आदळून खराब होतात. न ऐकता पाठवणारी अलोहा पद्धत चॅनेलचा जेमतेम १८ टक्के उपयोग करू शकते; मग ऐकूनही आम्ही त्याच आकड्याच्या आसपास का घुटमळतो?

प्रतिसाद १:
त्या आकड्याचे मूळ आधी पाहू. १२८ बाइटचे पॅकेट तुमच्या वेगाने सुमारे ०.८५ सेकंद हवेत राहते. त्याआधीच्या ०.८५ सेकंदात कोणी सुरुवात केली असेल, तर त्याचे शेपूट तुमच्या पॅकेटच्या तोंडावर येते. तुमचे पॅकेट चालू असताना कोणी सुरुवात केली, तर त्याचे तोंड तुमच्या शेपटावर. म्हणजे धोक्याचा काळ १.७ सेकंदांचा. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या अलोहानेट या रेडिओ जाळ्याची मर्यादा यातूनच आली. सर्वांनी ठरावीक कालखंडाच्या आरंभीच पाठवायचे, असे लॅरी रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये सुचवले, तेव्हा धोक्याचा काळ निम्मा आणि मर्यादा दुप्पट, सुमारे ३७ टक्के झाली.

प्रतिसाद २:
गणित बरोबर आहे, पण दुखणे वेगळे दिसते. तुमची सर्व केंद्रे मधल्या केंद्राला ऐकू येतात. ती एकमेकांना ऐकू येतात का? टक्कर होते ती घेणाऱ्यापाशी, आणि ऐकतो मात्र पाठवणारा. टेकडीच्या दोन बाजूंच्या केंद्रांना चॅनेल सदैव मोकळेच भासते, म्हणून त्यांच्यापुरती तुमची पद्धत पुन्हा अलोहाच ठरते. टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये या छुप्या केंद्रांवर उपाय मांडला: मधले केंद्र पॅकेट घेत असेपर्यंत वेगळ्या चॅनेलवर ‘व्यस्त’ स्वर वाजवत राहते आणि बाकीचे तो ऐकून थांबतात. आधी परवानगी मागून मग पाठवण्याचीही पद्धत आहे, परंतु इतक्या कमी वेगात प्रत्येक वेळी प्रक्षेपक सुरू होण्यातच बराच वेळ जातो, त्यामुळे लहान पॅकेटसाठी ती मला परवडणारी वाटत नाही.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. आज केंद्रे जोडीजोडीने सुरू करून पाहिली. पूर्वेकडील पाचांपैकी एकालाही पश्चिमेकडील सातांपैकी कोणाचा आवाज येत नाही. मधल्या केंद्रावर व्यस्त स्वरासाठी दुसरा प्रक्षेपक बसवायला घेतला आहे.