भूमिगत टाकीची लेव्हल पीएलसीत (पंप चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) चुकीची दिसते, ड्राय-रन (पाणी संपल्यावर पंप बंद करणारं संरक्षण) ट्रिप होत नाही. सुरुवात कुठून करावी?

पंपरूम_कांदिवली

कांदिवलीतली २२ मजली सोसायटी. पालिकेचं पाणी भूमिगत टाकीत येतं, तिथून ७.५ एचपीचा ट्रान्सफर पंप गच्चीवरच्या टाकीत चढवतो. हा पंप कॉन्टॅक्टरवर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) आहे. शेजारी फ्लशिंगच्या पाण्याचा पंप, तो व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह).

पीएलसी सीमेन्स एस७-१२००, सीपीयू १२१४सी, रिले आउटपुटवाला. टाकीत ०–५ मीटरचा बुडता हायड्रोस्टॅटिक ट्रान्समीटर (पाण्याच्या दाबावरून लेव्हल मोजणारा), दोन वायरचा, ४–२० मिलिअँप. सीपीयूच्याच अॅनालॉग इनपुटवर ५०० ओहमचा रेझिस्टर लावून घेतलाय. प्रोग्राममध्ये नॉर्म_एक्सला (कच्चा आकडा ० ते १ मध्ये बसवणारी सूचना) ० ते २७६४८ आणि स्केल_एक्सला (त्याचे मीटर करणारी सूचना) ० ते ५.० दिलं आहे.

त्रास असे:

टेपने मोजलं तर ३.५ मीटर पाणी, स्क्रीनवर ३.८. तळाशी २५ सेंटिमीटर उरलं तेव्हा स्क्रीनवर १.२. ड्राय-रन ०.६ मीटरवर लावलाय, पण तो कधीच ट्रिप होत नाही.

व्हीएफडी सुरू झाला की लेव्हल साधारण २० सेंटिमीटरमध्ये वर-खाली डोलते आणि ट्रान्सफर पंप सेटपॉइंटजवळ खटखट चालू-बंद होतो.

जोराच्या पावसात पाणी तेवढंच असूनही लेव्हल ८–१० सेंटिमीटरने सरकते.

दोनदा क्यू ०.० चा (ट्रान्सफर पंप चालवणाऱ्या आउटपुटचा) दिवा विझला तरी पंप चालूच राहिला.

ट्रान्समीटर बदलायचा, की प्रोग्राम?

लूप_आणि_मीटर

दोन्ही थांबवा. पहिला त्रास स्केलिंगचा (सिग्नलचे मीटर करण्याच्या हिशोबाचा) आहे, आणि तोच सगळ्यात धोक्याचा आहे.

१२१४सी वरची दोन्ही अॅनालॉग इनपुट फक्त ०–१० व्होल्टची आहेत. ५०० ओहमवर ४ मिलिअँप म्हणजे २ व्होल्ट आणि २० मिलिअँप म्हणजे १० व्होल्ट. १० व्होल्टला कच्चा आकडा (पीएलसीने केलेलं व्होल्टेजचं अंकी रूप) २७६४८ येतो, तसा २ व्होल्टला ५५३०. म्हणजे तुमच्या टाकीचं शून्य ५५३० वर आहे आणि प्रोग्राम ते ० वर धरून बसलाय.

तुमचेच आकडे घालून बघा. २५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ४.८ मिलिअँप, २.४ व्होल्ट, कच्चा आकडा सुमारे ६६३६. त्याला २७६४८ ने भागून ५ ने गुणलं की १.२ मीटर. ३.५ मीटरला १५.२ मिलिअँप, ७.६ व्होल्ट, तिथे ३.८. दोन्ही बिंदू बरोबर जुळतात, म्हणजे ट्रान्समीटर ठणठणीत आहे. आता ड्राय-रन: स्क्रीनवर ०.६ यायला लूपमध्ये (ट्रान्समीटरच्या सर्किटमध्ये) २.४ मिलिअँप यावे लागतील. चांगला ट्रान्समीटर तितका खाली उतरतच नाही, म्हणून ट्रिप होत नाही. तो पंप आज कोरडा चालू शकतो. हे आजच्या आज बदला: नॉर्म_एक्सची खालची मर्यादा ५५३०, वरची २७६४८. स्केल_एक्स तसंच ठेवा.

याच्याबरोबर वायर तुटल्याची तपासणीही घाला. ३.६ मिलिअँपच्या खाली, म्हणजे कच्चा आकडा ४९७७ च्या खाली, २ सेकंद राहिला तर सिग्नल खराब धरा, पंप बंद करा, अलार्म द्या. वरच्या बाजूला २१ मिलिअँप, म्हणजे सुमारे २९०३०. आकडा ३२७६७ वर अडकला असेल तर ५०० ओहमचा रेझिस्टर सुटला किंवा तुटला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा इनपुटवर जवळजवळ पूर्ण २४ व्होल्ट येतात. हे इनपुट ३५ व्होल्टपर्यंत सहन करतं, त्यामुळे कार्ड जळल्याचं गृहीत धरू नका.

रेझिस्टरवर २० मिलिअँपला ०.२ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा लावला असेल तर तो काठावर आहे आणि तापून सरकतो. अर्ध्या वॅटचा, १ टक्का किंवा त्याहून बरा मेटल फिल्म घ्या. ५०० मिळाला नाही तर १ किलोओहमचे दोन समांतर जोडा. लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

दुसऱ्या त्रासासाठी एक चाचणी. ट्रान्समीटरच्या दोन्ही वायर त्याच्या जंक्शन बॉक्समध्ये सोडवा आणि तिथे दीड किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. २४ व्होल्ट भागिले २००० ओहम म्हणजे १२ मिलिअँप, इनपुटवर ६ व्होल्ट, कच्चा आकडा १६५८९ च्या आसपास. मग व्हीएफडी चालवा. आकडा स्थिर राहिला तर डोलणं खरं आहे, म्हणजे पाणीच हलतंय किंवा ट्रान्समीटर पंपाच्या सक्शनजवळ लटकतोय. आकडा डोलला तर गडबड वायरिंगमध्ये किंवा सप्लायमध्ये आहे. त्याच वेळी २४ व्होल्टही मोजत राहा, कारण या चाचणीत सप्लाय हलला तरी आकडा हलतो. चाचणी चालू असेपर्यंत ट्रान्सफर पंपाचा एमसीबी बंद ठेवा, कारण पीएलसीला टाकी अर्धी भरलेली दिसत असेल.

पॅनेल_वायरमन

चौथ्या त्रासाबद्दल. दिवा फक्त पीएलसीने रिलेला दिलेला हुकूम दाखवतो. आतला कॉन्टॅक्ट उघडला की नाही, ते दिव्यावरून कळत नाही.

पुढच्या वेळी पंप अडकला की मीटर एसीवर ठेवून क्यू ०.० चं टर्मिनल आणि त्या गटाचं कॉमन यांच्यामध्ये व्होल्टेज बघा. दिवा विझलेला आणि मीटर शून्याजवळ असेल तर पीएलसीचा रिले चिकटलाय. मीटरवर २३० व्होल्ट आले तर रिले उघडलाय आणि चिकटलाय तो कॉन्टॅक्टर: मुख्य कॉन्टॅक्ट वेल्ड झालेत, किंवा मॅग्नेटच्या तोंडावर गंज आणि चिकटा बसलाय. हे जिवंत २३० व्होल्टचं काम आहे. हातमोजे घाला आणि शेजारी दुसरा माणूस ठेवा.

सीपीयूचा रिले रेझिस्टिव्ह लोडला २ अँपियरचा असतो, पण कॉन्टॅक्टरची कॉइल हा इंडक्टिव्ह लोड आहे. उघडताना ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्ट हळूहळू खराब होतो. त्यात तुमचा पंप खटखट करतोय, म्हणजे दिवसाला जेवढे ऑपरेशन व्हायला हवेत त्याच्या कितीतरी पट होतायत. रिले गेला असेल तर या खटखटीनेच गेला असण्याची शक्यता मोठी.

उपाय: मध्ये २४ व्होल्ट डीसी कॉइलचा इंटरपोझिंग रिले बसवा, बेससह. पीएलसी त्याची कॉइल चालवेल आणि तो कॉन्टॅक्टरला २३० देईल. चिकटला तर पाच मिनिटांत बदलता येतो, सीपीयू बदलावा लागत नाही. त्याच्या डीसी कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. कॉन्टॅक्टरच्या एसी कॉइलवर आरसी स्नबर (ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी), १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, कपॅसिटर एक्स२ (थेट मेन्सवर लावण्यासाठीच्या) दर्जाचाच. स्नबर थेट कॉइलच्या टर्मिनलवर लावा. पीएलसीच्या टोकाला लावला तर उपयोग कमी, आणि कॉन्टॅक्ट उघडा असतानाही त्यातून थोडा करंट वाहत राहतो.

आणि ड्राय-रनसाठी एक वेगळा फ्लोट स्विच थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये सिरीजमध्ये टाका. पाणी असताना बंद, पाणी गेलं की उघडा. प्रोग्राम चुको, ट्रान्समीटर जावो, रिले चिकटो, पंप थांबेल. स्केलिंग दुरुस्त केल्यावरही हा फ्लोट काढू नका.

पंपरूम_कांदिवली

खूप आभार. ५५३० टाकलं: टेपवर ३.१०, स्क्रीनवर ३.११. ड्राय-रन सेटपॉइंट वर आणून तपासला, ट्रिप झाला. फ्लोटची ऑर्डर लोहार चाळीत दिली.

दीड किलोओहमची चाचणी केली. व्हीएफडी बंद असताना १६५६० च्या आसपास स्थिर. व्हीएफडी चालू केला की १६००० ते १७१०० मध्ये डोलतो. २४ व्होल्ट स्थिर. केबल शोधत गेलो तेव्हा दिसलं, ट्रान्समीटरची केबल व्हीएफडीच्या मोटर केबलसोबत सहा मीटर एकाच ट्रेमध्ये बांधलीय. शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) पॅनेलमध्ये कापून टेप लावलेली.

पॅनेल_वायरमन

मग दोष सापडला. ट्रान्समीटरची केबल त्या ट्रेमधून काढा, वेगळ्या पाइपमधून न्या, मोटर केबलपासून किमान २०–३० सेंटिमीटर दूर. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. तिची शील्ड पीएलसीच्या बाजूला अर्थ बारवर जोडा आणि दुसऱ्या टोकाला इन्सुलेट करून ठेवा.

मोटर केबलचं उलटं आहे. ती शील्डवाली हवी आणि शील्ड व्हीएफडी व मोटर दोन्हीकडे क्लॅम्पने पूर्ण गोल दाबलेली हवी. शील्डची शेपटी पिळून बोल्टखाली घातली तर हाय फ्रिक्वेन्सीला ती जवळजवळ नसल्यासारखीच.

२४ व्होल्टचा मायनस आणि अॅनालॉगचं २एम (अॅनालॉग इनपुटचं कॉमन टर्मिनल) एकमेकांना जोडलेलं आहे ना, तेही बघा. रिकामं राहिलेलं दुसरं अॅनालॉग इनपुट २एमला शॉर्ट करा.

लॅडर_आणि_एससीएल

स्केलिंग सोडून बाकी प्रोग्रामला वायरिंग झाल्यावरच हात लावा. आधी फिल्टर वाढवला तर दोष झाकला जाईल.

हार्डवेअर कॉन्फिगरेशनमध्ये अॅनालॉग इनपुटला ५० हर्ट्झ निवडा. आपल्या मेन्सचा गुणगुणाट त्यात बराच मरतो. स्मूदिंग (आकड्यांची सरासरी घेणं) मध्यम पुरे. टाकीची लेव्हल सावकाश बदलते, तरी स्ट्राँग लावायची घाई नको.

खटखट एकाच सेटपॉइंटमुळे होते. दोन बिंदू ठेवा: भूमिगत टाकी ०.६ च्या खाली ५ सेकंद राहिली की बंद, १.० च्या वर ३० सेकंद राहिली की पुन्हा परवानगी. मधल्या पट्ट्यात आधीची स्थिती तशीच, त्यासाठी एसआर फ्लिपफ्लॉप. शिवाय बंद झाल्यावर किमान २ मिनिटं पुन्हा स्टार्ट नाही. ७.५ एचपीच्या मोटरला तेवढी उसंत द्यावीच.

प्रत्येक टॉनला (उशिरा चालू होणाऱ्या टायमरला) स्वतःचा इन्स्टन्स डीबी (त्याची माहिती साठवणारा ब्लॉक) द्या. कॉपी-पेस्ट करताना दोन टायमर एकाच डीबीवर राहिले की एक दुसऱ्याला रीसेट करत बसतो, आणि हा दोष बघून सापडत नाही. क्यू ०.० ऑटो आणि मॅन्युअल अशा दोन नेटवर्कमध्ये लिहिलं असेल तर शेवटचं लिहिणं जिंकतं. क्रॉस-रेफरन्स (ते कुठेकुठे वापरलंय त्याची यादी) काढा, लिहिणारी जागा एकच हवी. सीपीयूवरचा मेंट (देखभालीचा) दिवा पेटलेला असेल तर कुणीतरी फोर्स (इनपुट-आउटपुटला जबरदस्तीने दिलेली किंमत) ठेवून गेलंय का बघा. लॅपटॉप काढला तरी फोर्स जात नाही.

लूप_आणि_मीटर

पावसाचं राहिलं. अशा ट्रान्समीटरच्या केबलमध्ये एक बारीक नळी असते, ती डायफ्रॅमच्या (दाब झेलणाऱ्या पातळ पडद्याच्या) मागे बाहेरच्या हवेचा दाब पोचवते. १ मिलिबार म्हणजे जवळपास १ सेंटिमीटर पाणी. नळी तुंबली की हवेचा दाब जितका बदलेल तितकी लेव्हल सरकते, आणि मुसळधार पावसाच्या दिवशी ८–१० मिलिबारचा फरक पडू शकतो. तुमचे ८–१० सेंटिमीटर बहुधा तेच.

जंक्शन बॉक्स उघडा. नळी ग्लँडखाली (केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या आवळपट्टीखाली) चेपली आहे का, तिच्यात पाणी आहे का, तोंडावर टेप आहे का? बॉक्स खड्ड्यातून काढून भिंतीवर, पुराच्या पाण्याच्या वर घ्या. नळीचं तोंड उघडं, पण बॉक्सच्या आत ठेवा. बॉक्सला हवा जाईल पण पाणी जाणार नाही असा ब्रीदर आणि आत सिलिका जेलची पुडी. जेलचा रंग बदलला की पुडी बदलायची, पावसाळ्यात दर महिन्याला बघा. नळी मोकळी केल्याक्षणी लेव्हल एकदम सरकून टेपशी जुळली तर निदान बरोबर. नळीतून पाणी आत उतरलं असेल तर ती फुंकू नका, पाणी आणखी खाली सेन्सरपर्यंत ढकललं जाईल. तेवढ्यासाठी मात्र ट्रान्समीटर बदलावा लागेल.