अलिबागमधील सकाळची फेरी आणि इतिहासाच्या खुणा

प्रश्न : आई-वडिलांसह काही दिवस अलिबागला मुक्काम आहे. रोज सकाळी किनाऱ्यावर फिरणे होईलच. त्याच फेरीत गावाचा इतिहास सांगणाऱ्या कोणत्या जागा पाहता येतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : ओहोटीची वेळ पाहून कुलाबा किल्ल्यात चालत जावे. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले असल्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर ओसरतो. ही रचना जवळून, सावकाश पाहावी. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. भरती लागण्यापूर्वी मात्र परतावे.

प्रतिसाद २ : वडीलधाऱ्यांना ओल्या वाळूतून चालणे जड जात असेल, तर गावातील कान्होजी आंग्रे यांची समाधी आणि हिराकोट हा छोटा किल्ला पाहावा.

प्रतिसाद ३ : पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेणारी येथील भूचुंबकीय वेधशाळा निदान बाहेरून तरी पाहावीच. मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागल्यावर तेथील कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, हे ओळखून ती १९०४ मध्ये येथे उभारली गेली आणि बांधकामात चुंबकीय साहित्य कटाक्षाने टाळले गेले. इतकी मोलाची वास्तू पर्यटकांकडून दुर्लक्षित राहते, याचे वाईट वाटते.