पोर्ट फॉरवर्डिंग करूनही बाहेरून कॅमेरा दिसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नेटवर्किंगवाल्यांनी जरा डोकं लावा. घरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बाहेरून बघायचंय. कॅमेऱ्याला राउटरमधून १९२.१६८.१.५० हा आयपी फिक्स करून दिलाय, पोर्ट फॉरवर्ड केलंय (म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर आलेलं राउटरने कॅमेऱ्याकडे पाठवायचं), घरातल्या वायफायवर सगळं मस्त चालतं पण मोबाईल डेटावरून उघडायला गेलं की नुसतं चक्र फिरत बसतं.

आता गंमत बघा, राउटरच्या वॅन (म्हणजे बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पेजवर आयपी दिसतो १००.७२ ने सुरू होणारा आणि "माझा आयपी काय" असं नेटवर चेक केलं की भलताच येतो. माझ्या माहितीप्रमाणे १००.६४ ते १००.१२७ ही रेंज कंपन्यांच्या सीजीनॅटसाठी राखीव आहे, म्हणजे एकच पब्लिक आयपी कितीतरी गिऱ्हाइकांत वाटलेला, मग माझं फॉरवर्डिंग कंपनीच्या दारातच अडणार ना? असं असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) लावूनही काही उपयोग नाही असं मला वाटतं, चूक असेल तर सांगा.

कस्टमर केअरवाला स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या एवढंच म्हणतो, वेगळे पैसे भरून. पण राउटरला आयपीव्ही६ पण मिळालाय, २४०९ ने सुरू होणारा, म्हणजे तो पब्लिकच झाला. fe८० वाला नाही, तो लोकलच असतो तेवढं कळतं मला. मग कॅमेऱ्याला आयपीव्ही६ देऊन फायरवॉलमध्ये तेवढंच पोर्ट उघडलं तर जमेल का? आणि प्रीफिक्स (कंपनीने दिलेला पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलला की परत बोंब? कोणी असं चालवतंय का, की सरळ व्हीपीएन लावू?